द्राक्षाच्या पेशींत अँटिऑक्सिडंट वाढवायचे, तर आधी पेशी धडधाकट हव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक भागातल्या एका विद्यार्थिनीचा एमएस्सीचा प्रकल्प आहे. द्राक्षाच्या कोवळ्या पानांपासून तिने कॅलस (पेशींचा बेढब गोळा) केलं, एमएस या पोषक मीडियावर २,४-डी हे वाढ-संप्रेरक देऊन वाढवलं आणि मग द्रवात घालून शेकरवर ठेवलं. अँटिऑक्सिडंट वाढावेत म्हणून मिथाइल जास्मोनेट, सॅलिसिलिक आम्ल, चिटोसान आणि यीस्टचा अर्क असे चारही एलिसिटर (पेशीला हल्ल्याचा भास देऊन संरक्षक पदार्थ बनवायला लावणारी द्रव्यं) वापरून पाहिले, दोनदा तर एकत्र. पेशी चार दिवसांत तपकिरी होतात, म्हणून मीडियात थोडं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालते. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट मोजणाऱ्या चाचणीचा आकडा एकदा ७० टक्के येतो, पुढच्या खेपेला ३०. कोणतं एलिसिटर घ्यावं आणि किती मात्रेत, असं तिने विचारलं आहे.

मात्रा सांगतोच, पण ती आज सांगून उपयोग होणार नाही. वनस्पतींच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवण्याचं काम मी २२ वर्षं करतो आहे. या प्रश्नाचं खरं उत्तर एलिसिटरच्या बाटलीत नसतं, हे समजायला मला त्यातली पहिली चार-पाच वर्षं लागली. तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी अँटिऑक्सिडंट हा शब्द बाजूला ठेवा. तो कुठल्या पदार्थाचं नाव नाही, एक गुण सांगतो. द्राक्षाच्या पेशीत हा गुण असलेले डझनभर पदार्थ असतात: रेझव्हेराट्रॉल आणि त्याचे भाऊबंद, अँथोसायनिन, कॅटेचिन, टॅनिन, शिवाय पेशीचं स्वतःचं अ‍ॅस्कॉर्बेट आणि ग्लुटाथायोन. यातला एक वाढवायला गेलं की दुसरा घटू शकतो. रेझव्हेराट्रॉल आणि अँथोसायनिनचं उदाहरण पाहा. फेनिलअ‍ॅलानिनपासून निघून पाल या एन्झाइममधून पुढे आलेली वाट कूमारॉइल-कोएपाशी येते आणि तिथे फुटते. एक कूमारॉइल-कोए आणि तीन मॅलोनिल-कोए हाच कच्चा माल स्टिलबीन सिंथेजच्या हाती पडला तर रेझव्हेराट्रॉल होतं, चॅल्कोन सिंथेजच्या हाती पडला तर फ्लॅव्होनॉइडची वाट धरतो आणि शेवटी लाल रंगापर्यंत जातो. दोघांना लागणारा माल एकच, त्यामुळे ‘एकूण अँटिऑक्सिडंट’ मोजत बसलात तर या ओढाताणीत कोण जिंकलं ते कधीच कळणार नाही. प्रकल्पाच्या शीर्षकात एका पदार्थाचं नाव लिहा. पांढऱ्या-हिरव्या जातीचं कॅलस असेल तर रेझव्हेराट्रॉल घ्या. पुसा नवरंगसारख्या, सालीबरोबर गरही लाल असणाऱ्या जातीचं असेल तर अँथोसायनिन घ्यायला हरकत नाही.

आता ७० आणि ३० टक्क्यांकडे येऊ. डीपीपीएचचा जांभळा रंग आपण ५१७ नॅनोमीटरला वाचतो आणि तो किती उतरला ते टक्क्यांत सांगतो. अर्क जरा घट्ट झाला की टक्के वर जातात, पातळ झाला की खाली येतात, म्हणून नुसत्या टक्क्यांना अर्थ नसतो. ट्रोलॉक्स या प्रमाण अँटिऑक्सिडंटची प्रमाणरेषा काढा, अर्काच्या चार-पाच पातळ्या करा, सरळ रेषेत बसणाऱ्या भागातूनच आकडा घ्या आणि तो दर ग्रॅम कोरड्या वजनाला लिहा. शिवाय अँथोसायनिन स्वतःच ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणजे लाल अर्काची क्षमता यंत्राला खरी आहे त्याहून कमी दिसते. डीपीपीएचशिवाय नुसता अर्क आणि मिथेनॉल असा रंगाचा ब्लँक प्रत्येक नमुन्याला लावा. आणि ते अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आजच बंद करा. डीपीपीएच आणि एकूण फिनॉल मोजणारं फोलिन ही दोन्ही अभिक्रियाद्रव्यं त्याला अँटिऑक्सिडंट म्हणूनच मोजतात. तुमच्या ७० टक्क्यांत पेशींनी केलेलं किती आणि तुम्ही चमच्याने घातलेलं किती, हे आता कोणीच वेगळं करू शकणार नाही. डीपीपीएच प्राथमिक चाळणीपुरतं ठेवा. निर्णय एचपीएलसी या पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरच घ्या, रेझव्हेराट्रॉलसाठी ३०६ नॅनोमीटरला. तुमच्याकडे यंत्र नसेल तर जवळच्या फार्मसी कॉलेजला विनंती करा. वीस नमुने चालवून देणारे भले लोक मला नेहमी भेटले आहेत.

आता मुख्य मुद्दा. एक काल्पनिक हिशेब मांडतो. साध्या फ्लास्कमध्ये लिटरला १२ ग्रॅम कोरड्या पेशी झाल्या आणि दर ग्रॅमला ४ मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल निघालं, म्हणजे लिटरला ४८ मिलिग्रॅम. एलिसिटर घातलेल्या फ्लास्कमध्ये दर ग्रॅमला ६ मिलिग्रॅम निघालं, पण पेशी होरपळल्याने वजन ७ ग्रॅमवर आलं, म्हणजे लिटरला ४२. दर ग्रॅमचा आलेख काढला तर ५० टक्के वाढ दिसते, प्रबंधात छानही दिसते. प्रत्यक्षात हातात कमी माल आला. म्हणून माझ्या वहीत पहिला रकाना नेहमी ‘दर लिटर, दर दिवस’ हा असतो. दिवससुद्धा मोजायचे, कारण १४ दिवसांत १०० मिलिग्रॅम देणाऱ्या कल्चरपेक्षा ७ दिवसांत ६० देणारं बरं.

हे असं का होतं? द्राक्षाच्या वेलीला रेझव्हेराट्रॉल रोजच्या जगण्यासाठी लागत नाही. १९७६ साली लँगकेक आणि प्राइस यांनी दाखवलं की पानाला बुरशीची लागण झाली किंवा इजा झाली की वेल ते तयार करते. आपल्या भागातला कुठलाही बागायतदार डाउनी आणि भुरी ओळखतो. त्या हल्ल्यात पान जी हत्यारं काढतं त्यातलंच हे एक. एलिसिटर म्हणजे खोटी धोक्याची घंटा. घंटा वाजली की पेशी वाढ थांबवते आणि साखर, नायट्रोजन, ऊर्जा सगळं संरक्षणाकडे वळवते. घरात धान्य भरलेलं असताना घंटा वाजली तर पेशी लढते, पण कोठार रिकामं असताना वाजली तर ती मरते. तुमच्या पेशी चार दिवसांत तपकिरी होतात याचा अर्थ मला असाच दिसतो की त्या आधीपासूनच हलाखीत आहेत आणि त्यावर तुम्ही चार घंटा एकदम वाजवल्या आहेत.

म्हणून पुढचे दीड-दोन महिने एलिसिटरला हात लावू नका. तेवढ्या काळात चांगली सेल लाइन, म्हणजे एकसारखी वाढत राहणारी पेशींची वंशावळ, तयार करा.

द्राक्षासाठी मी एमएसपेक्षा गॅम्बर्गचं बी-५ पसंत करतो. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये एमएस बसवलं ते तंबाखूच्या पेशी झपाट्याने वाढाव्यात म्हणून. त्यात ६० मिलिमोलर नायट्रोजन आहे, त्यातलं २० अमोनियमचं. वाढीला ते उत्तम, पण रेझव्हेराट्रॉल-अँथोसायनिनसारख्या फिनॉलिक पदार्थांना इतकं नायट्रोजन सहसा मानवत नाही. द्राक्षाच्या सस्पेन्शनला, म्हणजे द्रवात वाढवलेल्या पेशींना, अनेक ठिकाणी वापरली जाणारी कृती अशी: बी-५ मीडिया, लिटरला २० ग्रॅम साखर, २५० मिलिग्रॅम केसीन हायड्रोलायझेट, ०.१ मिलिग्रॅम एनएए आणि ०.२ मिलिग्रॅम कायनेटिन (ही दोन्ही वाढ-संप्रेरकं). यात २,४-डी नाही हे लक्षात घ्या. कॅलस सुरू करायला ते चांगलं, पण ते पेशीला सतत विभाजनाच्या नादाला लावून ठेवतं आणि रंग व फिनॉलिक दाबतं. कॅलसला दोन-तीन सबकल्चर (ताज्या मीडियावर हलवणं) करत टप्प्याटप्प्याने २,४-डीवरून एनएएवर आणा. एकदम बदललंत तर रुसतं.

कॅलस निवडताना डोळे वापरा. बशीतल्या प्रत्येक गोळ्याचा भुसभुशीत, फिकट, बोटाने सहज सुटणारा भागच पुढे न्या. कडक, चकचकीत किंवा तपकिरी कडा असलेला भाग टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली मीडिया, २५ अंश तापमान, ११० फेऱ्यांच्या आसपास शेकर, अंधार. दर सबकल्चरला जुन्या पेशींचा पाचवा हिस्सा नव्या मीडियात. कमी टाकलंत तर द्राक्षाच्या पेशी एकट्या पडून सुस्त बसतात. मोठी ढेकळं गाळून काढायला सुरुवातीच्या चार खेपा निर्जंतुक स्टीलची चाळणी वापरा. फ्लास्क पाच मिनिटं तिरका ठेवून तळाशी बसलेल्या पेशींची उंची रोज एका वेळी टिपा. फ्लास्क उघडावा लागत नाही, खर्च शून्य, आणि दहा दिवसांत वाढीचा आलेख हातात. जोडीला इव्हान्स ब्लू लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मेलेल्या पेशी निळ्या होतात. १०० पैकी ९० पेशी निळ्या न झालेल्या, आणि सलग तीन सबकल्चरमध्ये आलेख एकमेकांवर बसणारा, असं झालं की तुमची सेल लाइन कामाला तयार. त्याआधी केलेला कुठलाही एलिसिटरचा प्रयोग म्हणजे वाळूवर बांधकाम.

तपकिरीपणाबद्दल दोन शब्द. पेशी फुटली की तिच्या व्हॅक्युओलमधले फिनॉल आणि बाहेरचं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज एकत्र येतात, कापलेल्या सफरचंदासारखंच. त्यावर औषध शोधण्याआधी पेशी फुटतात का ते शोधा. शेकर फार जोरात आहे का, सबकल्चर उशिरा होतं का, रात्री वीज जाऊन शेकर बंद पडतो का. शेवटचं कारण मला महाराष्ट्रात सगळ्यात जास्त सापडलं आहे. शेकर थांबला की पेशी तळाशी बसतात आणि काही तासांत प्राणवायूअभावी घुसमटतात. सकाळी वीज आलेली असते, शेकर फिरत असतो, आणि काय झालं ते कोणालाच कळत नाही. शेकरला इन्व्हर्टर जोडून घ्या, नाहीतर रात्री वीज गेली का हे सांगणारं साधं घड्याळ तरी लावा.

सेल लाइन तयार झाली की मग दोन टप्प्यांचा विचार करा. ही कल्पना जपानची. लिथोस्पर्मम एरिथ्रोऱ्हायझॉन या झाडाच्या मुळांत शिकोनिन नावाचा लाल पदार्थ असतो. आपल्याकडे रतनजोत म्हणून मिळणाऱ्या मुळातला रंगही याच घराण्यातला. टाबाटा, फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की पेशी वाढवणारा मीडिया आणि रंग काढणारा मीडिया एकच असू शकत नाही. अमोनियम, २,४-डी आणि प्रकाश यांनी शिकोनिन अडतं, तांबं वाढवलं की ते वाढतं. मग त्यांनी पेशी एका मीडियात वाढवल्या आणि भरपूर झाल्यावर एम-९ नावाच्या, फक्त नायट्रेट आणि जास्त तांबं असलेल्या दुसऱ्या मीडियात हलवल्या. मुळात एक-दोन टक्के असणारा पदार्थ पेशींत दहा टक्क्यांच्या वर गेला, आणि १९८० च्या दशकात मित्सुई कंपनीने तो टाक्यांमध्ये बनवून विकायला काढला. त्याची लिपस्टिकही निघाली. वनस्पतीच्या पेशींपासून कारखान्यात बनवून बाजारात आलेल्या पहिल्या पदार्थांत शिकोनिनचं नाव आहे. त्यामागे एकही जादूचं एलिसिटर नव्हतं. दुसरं उदाहरण कोलियसचं, कुंडीत रंगीत पानांसाठी लावतो तेच झाड. त्याच्या पेशींना साखर वाढवून दिली तेव्हा रोझमॅरिनिक आम्ल कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत गेलं. जगातली सगळ्यात स्वस्त क्लृप्ती हीच आहे, आणि विद्यार्थी तीच सगळ्यात शेवटी करून पाहतात. तुम्ही सुरुवात इथूनच करा. दुसऱ्या टप्प्यात साखर २० ऐवजी ४० आणि ५० ग्रॅम, नायट्रोजन निम्मं, फॉस्फेट निम्मं. अँथोसायनिनच्या मागे असाल तर तुमचा अर्धा प्रकल्प यातच होईल.

आता एलिसिटर. रेझव्हेराट्रॉलसाठी जगात सगळ्यात खात्रीचं जोडपं आहे मिथाइल जास्मोनेट आणि मिथिल लावलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन. स्पेनमधल्या गटांनी हे काम उभं केलं आणि द्राक्षाच्या पेशींनी लिटरमागे काही ग्रॅम रेझव्हेराट्रॉल मीडियात सोडलं. मिलिग्रॅमची सवय असलेल्या आमच्यासारख्यांनी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. मात्रा साधारण १०० मायक्रोमोलर जास्मोनेट आणि ५० मिलिमोलर सायक्लोडेक्स्ट्रिन. सायक्लोडेक्स्ट्रिन हे साखरेच्या सात कड्यांचं वाटोळं, मधून पोकळ. पेशीला ते बहुधा हल्लेखोराने तोडलेल्या पेशीभित्तिकेच्या तुकड्यांसारखं भासतं, म्हणून घंटा वाजते. त्याहून मोलाचं काम पुढचं आहे. बाहेर आलेलं रेझव्हेराट्रॉल त्या पोकळीत जाऊन बसतं. तिथे मीडियातल्या पेरॉक्सिडेजला ते सापडत नाही आणि पेशीलाही त्याचा चटका बसत नाही. पेशीला वाटतं माल संपला, ती आणखी बनवते.

अडचण पैशाची आहे. ५० मिलिमोलर म्हणजे लिटरला ६५ ग्रॅमच्या आसपास, आणि मिथिल लावलेला प्रकार महाग पडतो. साधं बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन स्वस्त आहे, पण पाण्यात लिटरला १८ ग्रॅमच्या वर विरघळतच नाही. म्हणून १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये २० मिली असा लहान प्रयोग करा. तेही परवडत नसेल तर एक्सएडी-७ किंवा एचपी-२० यांसारखं शोषक रेझिन मलमलच्या छोट्या पुरचुंडीत बांधून, ऑटोक्लेव्ह करून फ्लास्कमध्ये सोडा. ते घंटा वाजवत नाही, पण बाहेर आलेला माल उचलून घेतं. अशा प्रयोगात रेझिन, मीडिया आणि पेशी तिन्ही वेगवेगळं मोजा. फक्त पेशी मोजणाऱ्यांचा निम्म्याहून अधिक माल मीडियाबरोबर बेसिनमध्ये जाताना मी पाहिला आहे.

एलिसिटर कधी घालायचं याला किती घालायचं याच्याइतकंच महत्त्व आहे. वाढीच्या आलेखाचा चढ संपत आलेला, पण सपाटी सुरू न झालेली, तो दिवस. द्राक्षात बहुधा सहावा ते आठवा, पण तुमचा दिवस तुमचा आलेखच सांगेल. मग २४, ४८, ७२ आणि ९६ तासांना वेगळे फ्लास्क काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

जास्मोनेट इथेनॉलमध्ये विरघळवून फिल्टरने निर्जंतुक करतात, तर कंट्रोललाही (एलिसिटर न घातलेल्या फ्लास्कलाही) तेवढंच इथेनॉल हवं. चिटोसान पातळ अ‍ॅसेटिक आम्लात विरघळतं, तर त्याच्या कंट्रोललाही तेच आम्ल, आणि दोन्हींचा पीएच पुन्हा जुळवलेला. हे तुम्ही पाळत असालच, पण पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. मिथाइल जास्मोनेट हवेत उडतं. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी दाखवलं की बंद बरणीत सेजब्रश या झुडपाच्या फांद्या शेजारी ठेवल्या तरी त्यातून उडालेल्या जास्मोनेटने टोमॅटोची रोपं सावध होतात. मी हे वाचलेलं होतं, तरीही एका प्रयोगशाळेत काम करताना तीन महिने कंट्रोल आणि जास्मोनेटचे फ्लास्क एकाच बंद शेकरमध्ये फिरवले. कापसाच्या बुचातून वाफ आरपार जाते. कंट्रोलही चढत गेला, फरक दिसेना, आणि आम्ही जास्मोनेट कुचकामी ठरवून टाकलं. त्या तीन महिन्यांत एका हुशार मुलीचा प्रबंध रखडला, याचं मला आजही वाईट वाटतं. कंट्रोल वेगळ्या शेकरवर ठेवा, शक्य तर वेगळ्या खोलीत. तुमचे ७० आणि ३० यांच्यामागे हेही कारण असू शकतं.

नमुने काढताना पेशी निर्वात गाळणीवर धुऊन लगेच गोठवा आणि गोठवूनच सुकवा. ६० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवलेला वाटा फक्त कोरड्या वजनासाठी, अर्कासाठी नाही. पेशींचा अर्क ८० टक्के मिथेनॉलमध्ये, मीडियाचा इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये. नळ्यांना फॉइल गुंडाळा, कारण उजेडात ट्रान्स-रेझव्हेराट्रॉलचं सिस होतं आणि एचपीएलसीवर शिखर दोन ठिकाणी विभागलं जातं. आणि एकाच दिवशी एकाच मातृफ्लास्कमधून भरलेले तीन फ्लास्क म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या आठवड्यांतल्या तीन सबकल्चरवर तेच पुन्हा करा.

सेल लाइन बदलत राहते, हे शेवटचं. सदाफुलीच्या पेशींबाबत १९८४ मध्येच डॉइस-नॉयमान आणि झेंक यांनी हे नोंदवलं होतं: उत्तम अल्कलॉइड देणाऱ्या लाइनी सबकल्चर होता होता उत्पादन गमावतात. जास्त माल बनवणारी पेशी हळू वाढते, आळशी पेशी भराभर वाढते, आणि दर सबकल्चरला आपण नकळत आळशी पेशींचीच निवड करत जातो. माझी एक गडद लाल लाइन अशीच १४ महिन्यांत फिकट गुलाबी झाली, आणि मागे जायला जुनी बशी उरली नव्हती. त्या लाइनीवर माझा फार जीव होता. तेव्हापासून दर महिन्याला सस्पेन्शनमधल्या थोड्या पेशी पुन्हा घट्ट मीडियावर पसरतो, सगळ्यात चांगले ठिपके उचलून वेगळे ठेवतो आणि त्यांच्यावर तारीख व सबकल्चरचा क्रमांक लिहितो.

तुमच्याकडचं जे कॅलस सध्या सगळ्यात फिकट आणि भुसभुशीत आहे, त्याच्या चार बशा आज घरी जाण्याआधी करा. दोन तुमच्या खोलीत ठेवा. उरलेल्या दोन ज्या इमारतीची वीज वेगळ्या फीडरवर आहे तिथल्या शेल्फवर ठेवून या.